गहू आणि दूध सोडण्याआधी

गेल्या अंकात माझ्या मुलाच्या घावनांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि ऑटिझम असलेल्या मुलांच्या खाण्याबद्दल पत्रं यायला लागली. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. लालबागला राहते, पालिकेच्या शाळेत शिकवते, आणि ऑटिझम असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची आई आहे. स्वयंपाकघरात जे केलं, त्यात जे चुकलं आणि नंतर डॉक्टरांकडे बसून जे समजून घेतलं, तेवढ्याच्या बळावर ही उत्तरं देते आहे.

"माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी ऑटिझमचं निदान झालं. अजून दोन-तीनच शब्द बोलतो. थेरपीला भेटणाऱ्या एका आईने सांगितलं की गहू आणि दूध पूर्ण बंद केल्यावर तीन महिन्यांत त्यांचा मुलगा बोलायला लागला. आमचे हे म्हणतात, असल्या गोष्टींच्या नादी लागू नकोस. पण करून नाही बघितलं तर जन्मभर टोचणी लागून राहील असं वाटतं. पोळी-दूध बंद करू का?" – एक आई, मुलुंड

ताई, उद्या सकाळी काहीही बंद करू नका. आधी एक रक्ततपासणी करून घ्या.

सिलिअ‍ॅक नावाचा एक आजार असतो. त्यात गव्हातलं, जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उठतं. मूल वाढत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, कधी उलट बद्धकोष्ठ होतो. त्यासाठी टीटीजी-आयजीए ही तपासणी असते, त्या आजारात वाढणारी प्रतिपिंडं ती रक्तात मोजते. तिच्यासोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडंही बघतात. ही तपासणी मूल रोज गहू खात असतानाच करायची. गहू बंद करून काही महिने गेले की रक्तातल्या त्या खुणा पुसट होतात आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. मी तो उलटा केला.

२०१२ साली माझा मुलगा चार वर्षांचा होता. उपनगरातल्या एका सल्लागारांनी पहिल्याच भेटीत गहू, दूध, साखर सगळं एकदम बंद करायला सांगितलं आणि महिन्याला नऊ हजारांच्या पावडरी हातात दिल्या. सासूबाईंचं पेन्शन त्यात जायचं. आमच्या मुलाचं सगळं खाणं म्हणजे चपाती आणि दूध. दूध तर दिवसाला लिटरभराच्या वर. ती दोन्ही ताटातून गेली आणि त्यांच्या जागी मी जे जे ठेवलं, त्याला त्याने हात लावला नाही. पाच महिन्यांत वजन साडेचौदा किलोंवरून तेरावर आलं. शेवटी परळच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि मला एकच विचारलं, "टीटीजी केली होती का?"

नव्हती केली. आता करायची तर सहा आठवडे त्याला रोज पुन्हा गहू खायला घालणं भाग होतं. त्या सहा आठवड्यांतल्या पहिल्या दिवसांत तो चपाती हातात घेऊन आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, मी परत काढून घेईन की काय म्हणून. रिपोर्ट आला, सिलिअ‍ॅक नव्हता.

आता त्या 'बोलायला लागला'बद्दल. गहू-दूध बंद करण्यामागे १९७०च्या दशकाच्या अखेरीपासूनची एक कल्पना आहे. ग्लुटेन आणि दुधातलं केसीन हे प्रथिन अर्धवट पचतं, त्याचे तुकडे आतड्यातून रक्तात झिरपतात आणि मेंदूवर अफूसारखे काम करतात, अशी ती कल्पना. ऐकायला पटते. पण ऑटिझम असलेल्या मुलांच्या लघवीत हे तुकडे काटेकोरपणे शोधले गेले, तेव्हा ते सापडले नाहीत. २०१६ साली अमेरिकेत एक छोटा पण काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा मुलांना गहू-दुधाशिवायच्या आहारावर ठेवून मधूनमधून ठरावीक खाऊ दिला. कधी त्यात गहू किंवा दूध असे, कधी काहीच नसे, आणि कुठल्या दिवशी काय आहे हे आईवडिलांना किंवा निरीक्षण करणाऱ्यांना माहीत नसे. वागणं, झोप, शौच, कशातही ठळक फरक दिसला नाही. मुलं चौदाच, म्हणून मी याला शेवटचा शब्द म्हणत नाही. पण ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ पासूनच आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार देऊ नये.

मग त्या आई खोटं बोलल्या का? मुळीच नाही. मलाही पहिल्या महिन्यात फरक दिसला होता. संध्याकाळचं डोकं आपटणं निम्म्यावर आलं आणि मी देवापुढे साखर ठेवली. खरं कारण डॉक्टरबाईंनी नंतर उलगडून दाखवलं. लिटरभर दुधाने पोट गच्च भरायचं, दुसरं काही पोटात जायला जागाच नसायची, चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही. ज्या मुलाला 'पोट दुखतंय' म्हणता येत नाही, ते डोकंच आपटणार. दूध थांबलं तेव्हा बद्धकोष्ठ सैल झाला. केसीनचा त्यात काही संबंध नव्हता, दुधाच्या मापाचा होता. रक्तात लोहही फार कमी निघालं, तेही त्याच दुधाच्या पायी. त्यानंतर आम्ही दूध बंद न करता मोजायला लागलो, दिवसाला चारशे मिलिलिटर. लोहाचं औषध, बद्धकोष्ठाचं औषध सुरू झालं. डोकं आपटणं थांबलं, झोप लागायला लागली. पहिला स्पष्ट शब्द मात्र सातव्या वर्षी आला, पोटभर चपाती खात असताना.

शिवाय हेही बघा की हा आहार लोक निदानानंतर लगेच, तीन ते पाच या वयात सुरू करतात. थेरपीही तेव्हाच सुरू होते. त्या वयात पुष्कळ मुलांना शब्द येतात, आहार असो वा नसो.

तपासण्या झाल्यावरही करून बघायचंच असेल तर मी तुम्हाला अडवणार नाही, ती टोचणी मला ठाऊक आहे. पण एका वेळी एकच गोष्ट काढा, गहू तरी किंवा दूध तरी. सुरू करायच्या दिवशीच संपवायची तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या काळात नवी थेरपी किंवा नवं औषध सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. शाळेतल्या बाईंना आणि थेरपिस्टना आहाराबद्दल सांगू नका. त्यांना आपलं आपण काही वेगळं जाणवतं का, ते महत्त्वाचं. दर आठवड्याला वजन करा, आणि वजन उतरलं की त्या दिवशी थांबा.

दूध काढाल तर कॅल्शियमचा हिशोब आधी मांडा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ५५० मिलिग्रॅम लागतं. चारशे मिलिलिटर दुधात जवळपास ४८० मिळतं. नाचणी चांगली आहे, शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, पण पाच वर्षांचं मूल नाचणीची भाकरी किती खाईल? पन्नास ग्रॅम पिठाची म्हटली तरी पावणेदोनशे. तिळात पुष्कळ असतं, पण सगळं अंगी लागत नाही. नारळाचं दूध चवीला छान, पण ते दुधाच्या जागी चालत नाही, त्यात कॅल्शियमही नाममात्र आणि प्रथिनंही नाममात्र. तूट कशी भरायची ते आहारतज्ज्ञाकडे बसून ठरवा. आणि जो सल्लागार स्वतःच पावडरी विकतो, त्याच्याकडे हा हिशोब करायला जाऊ नका.

"माझा नातू सात वर्षांचा, ऑटिझमवाला. फक्त चार गोष्टी खातो: पांढरा भात कोरडा, एकाच कंपनीचं बिस्कीट, बटाट्याच्या सळ्या आणि केळं. बिस्किटाचा तुकडा पडलेला असेल तर तेही नाही. सूनबाई त्याच्यामागे ताट घेऊन फिरते. माझं म्हणणं, दोन दिवस उपाशी ठेवा, भूक लागली की सगळं खाईल. आम्ही सहा भावंडं अशीच वाढलो. यावर घरात रोज वाद होतो." – एक आजोबा, गिरगाव

आजोबा, तुमच्या पत्रात नातवाची काळजी ओळीओळीत आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. हा उपाय या मुलावर करू नका.

तुम्हा सहा भावंडांना भूक लागली की पोटात कावळे ओरडायचे आणि समोर दिसेल ते अन्न वाटायचं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना भुकेची जाणीवच नीट पोचत नाही. आणि समोरचं जे आपल्याला अन्न दिसतं, ते त्यांना अन्न वाटत नाही. तुम्हाला कोणी शेवाळ ताटात वाढलं, तर दोन दिवस उपाशी राहून तुम्ही ते खाल का? वरण-भात कालवला की त्याचा स्पर्श दर घासाला बदलतो. एक घास पातळ, एक घट्ट, मध्येच मोहरी दाताखाली येते. तुमच्या नातवाचं बिस्कीट मात्र दर वेळी तसंच असतं, तोच आकार, तोच आवाज, तीच चव. अख्ख्या जगात तेवढ्याचाच त्याला भरवसा आहे. तुकडा पडला की ते बिस्कीट 'ते' राहत नाही.

हे इतकं टोकाला गेलं की त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, एआरएफआयडी, म्हणजे अन्न टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार. २०१३ पासून ते मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात आहे. अशी मुलं खरोखर उपाशी राहतात, थेट सलाईन लागेपर्यंत. म्हणून लाडाने बिघडलाय हे मनातून काढून टाका. तुमच्या सूनबाई चुकत असतील तर एवढ्यातच की त्या मागे फिरतात. ते थांबवायचं, पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नाही. पाठलाग केला की मुलाला ताट म्हणजे संकट वाटायला लागतं.

एक गोष्ट मात्र लगेच करा. या चार पदार्थांत क जीवनसत्त्वाची बाजू फार लंगडी आहे. केळ्यात आणि बटाट्यात थोडं असतं, बाकी दोन्हींत काहीच नाही. केळं सुटलं तर, आणि अशा मुलांचं एक दिवस अचानक सुटतं, स्कर्व्हीपर्यंत मजल जाते. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना व्हायचा तो आजार आजच्या काळात ऑटिझम असलेल्या मुलांत डॉक्टरांनी नोंदवला आहे. पाय दुखतात म्हणून मूल चालायचं टाळतं, लंगडतं, हिरड्यांतून रक्त येतं, आणि सगळे हाडांच्या डॉक्टरकडे धावतात. म्हणून बालरोगतज्ज्ञांना त्याच्या खाण्याची यादी लिहून दाखवा. लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ बघायला सांगा.

घरात काय करायचं, तर अगदी हळूहळू सरकायचं. तो जे खातो त्याच्या शेजारचंच पुढचं. त्याच बिस्किटाच्या कंपनीचा दुसरा आकार. बटाट्याच्या सळीसारखी कापलेली रताळ्याची सळी, तशीच कुरकुरीत. भातावर काही घालायचं नाही, शेजारी वेगळ्या वाटीत ठेवायचं. नव्या पदार्थाला त्याने नुसतं बघितलं तरी त्या दिवसाचं काम झालं. दुसऱ्या आठवड्यात वास घेईल, तिसऱ्यात बोट लावेल. दहा-पंधरा वेळा समोर येईपर्यंत 'आवडत नाही' असं लिहून टाकू नका. आमच्याकडे कित्येक गोष्टींना त्याहून जास्त वेळ लागला. 'खा' म्हणायचं नाही, खाल्लं तर टाळ्याही वाजवायच्या नाहीत. त्याच्या ताटात दर वेळी त्याच्या भरवशाची एक गोष्ट असलीच पाहिजे.

आणि यात तुमचं काम सगळ्यात मोठं आहे. आमच्याकडे ते माझ्या सासऱ्यांनी केलं. ते रोज दुपारी त्याच्या शेजारी पाट घेऊन बसायचे आणि आपलं जेवायचे. त्याच्याकडे बघायचे नाहीत, त्याच्याशी बोलायचे नाहीत. त्यांच्या ताटात तळलेला सुका बोंबील असायचा, तांदळाच्या पिठात घोळवून कडक केलेला. तो मोडला की कडकन आवाज यायचा. मुलाने आधी तो आवाज ऐकला. मग एक दिवस बोंबील उचलून कानाजवळ नेला आणि मोडला. नुसताच मोडायचा, खायचा नाही. सासरे रोज एक जास्तीचा तळायला सांगायचे, मोडण्यासाठी. असे आठ महिने गेले. नवव्या महिन्यात एक तुकडा तोंडात गेला. आज, काय हवं ते दाखवायच्या त्याच्या चित्रकार्डांच्या वहीत बोंबलाचं कार्ड सगळ्यात मळकं आहे, तीनदा नवं लॅमिनेट केलंय. सासरे आता नाहीत.

तुम्ही काय खाता, आजोबा? जे कुरकुरीत असेल ते घेऊन त्याच्या शेजारी बसा.

"आमच्या मुलीला ऑटिझम आहे आणि सिलिअ‍ॅकही निघाला. गहू पूर्ण बंद आहे, ज्वारी-तांदळाचीच भाकरी देतो. तरी पोट बिघडतं आणि टीटीजी खाली येत नाही. कुठे चुकतंय?" – एक बाबा, भांडुप

गिरणीत. निदान आधी तिथे बघा. आमच्या पालक-गटातल्या एका मुलाचं नेमकं असंच होत होतं. त्याच्या आईबरोबर मी गिरणीत जाऊन उभी राहिले. आधीचं दळण गव्हाचं, त्याच जात्यात हिची ज्वारी. वरून पिठाची धूळ सगळीकडे उडत होती. पहिलं किलोभर पीठ तरी अर्धं गव्हाच्याच संगतीचं. गिरणीवाले भाऊ भले होते, म्हणाले, सकाळी पहिलं तुमचं दळण घेतो, त्याआधी थोडा तांदूळ फिरवून काढतो. तेवढ्यानेही सिलिअ‍ॅकच्या मुलाचं भागत नाही. शेवटी दोन घरांनी मिळून एक घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच टाकायचा नाही असं ठरवलं. पुढच्या तपासणीत टीटीजी उतरलेली होती. घरघंटी घेणं जमत नसेल तर तांदूळ धुऊन, फडक्यावर वाळवून मिक्सरमध्ये दळा आणि चाळा. घावन, आंबोळी, उकडीच्या भाकरीला तेवढं पीठ पुरतं. ज्वारी-बाजरी दळायच्या आधी परातीत पसरून निवडा, त्यात गव्हाचे दाणे सर्रास निघतात.

त्यानंतर हिंग. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा पीठ मिसळलेलं असतं आणि ते पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीवरचे घटक वाचा, नाहीतर हिंग सोडून लसणाची फोडणी द्या. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, ती घरीच गव्हाशिवाय भाजा. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स मूळचे चालतात असं म्हणतात, पण गव्हासोबत दळले-भरले जातात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शंकरपाळ्या तळलेल्या तेलात तिची चकली तळू नका. बाहेरचा बटाटावडा बेसनाचा असला तरी कढई कशाकशाची आहे ते तुम्हाला दिसत नाही. पोळपाट-लाटणं, तवा, गाळणी तिची वेगळी असू द्या. लाकडाच्या पोळपाटाच्या भेगांत कणीक राहते. पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं तर आपल्या नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, त्यामुळे तो शिक्का बघून घेतलेलं बरं.

"सोसायटीचा गणपती, हळदीकुंकू, बारसं, कुठेही गेलं की कोणीतरी मुलाच्या हातात पेढा किंवा शिऱ्याचा प्रसाद ठेवतं. नको म्हटलं की 'एका घासाने काय होतंय, देवाचं आहे' म्हणतात. सासरची माणसं दुखावतात." – एक आई, कांदिवली

तुमच्या मुलाचं पथ्य कशासाठी आहे हे पत्रात नाही, आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. सिलिअ‍ॅक असेल तर एका घासाने होतं. तिथे भीड नको, ते औषधासारखं पथ्य आहे. दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर त्याहूनही कडक राहा. महिनाभर करून बघायचं म्हणून बंद केलं असेल, तर एका पेढ्याने मुलाला काही होणार नाही, फक्त तुमची नोंद बिघडेल. आणि पथ्य मुळात कोणीतरी सांगितलं म्हणून वर्षानुवर्षं चालू असेल, तर मुलुंडच्या ताईंना दिलेलं उत्तर वाचा आणि त्याला पेढा खाऊ द्या.

सिलिअ‍ॅक किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असेल असं धरून लिहिते. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्या पाच महिन्यांत मी रडत होते की सणाला याला काय देऊ, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे लहानपणी गहू होताच कुठे?" आणि त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात. खापरोळी. पातोळ्या हळदीच्या पानातल्या. काकडीचं धोंडस, तांदळाच्या रव्याचं. यात गहूही नाही, दूधही नाही, आणि कोणाला पथ्याचं म्हणून सांगावंही लागत नाही. उकडीचा मोदक तर आहेच. फक्त उकडीत दूध घातलंय का, लोणी घातलंय का, एवढं विचारायचं. ऋषिपंचमीची भाजी आणि वरईचा भात, नारळीभात तेलावर, हे सगळं घरातलं, ओळखीचं.

सोसायटीत गणपती बसायच्या आठ दिवस आधी समितीतल्या एका बाईंना गाठा. सगळ्यांना समजावत बसू नका, एकच हक्काचं माणूस करा. एकवीस मोदकांपैकी पाच आमच्या घरून येतील, नैवेद्याला तेही ठेवा, आणि आमच्या मुलाला त्यातलाच प्रसाद द्या, असं सांगा. प्रसाद नाकारला असं होत नाही. सासरच्यांचा राग मला वाटतं पुष्कळदा यातूनच येतो की आपण त्यांचं देणं परत करतो. तेव्हा नणंदेला किंवा जावेला सांगा, तुम्ही खोबऱ्याच्या वड्या गुळातल्या करून आणा, तुमच्या हातच्या तो खाईल. माझ्या नणंदेने तेव्हापासून एकही गणपती चुकवलेला नाही.

"मी नववीत आहे. माझ्या लहान भावाला ऑटिझम आणि सिलिअ‍ॅक आहे. दोन वर्षं घरात पाव नाही, बिस्कीट नाही, मॅगी नाही. वाढदिवसाचा केकपण नाचणीचा. मी क्लासवरून येताना वडापाव खाते आणि घरी भूक नाही सांगते. आईला कळलं तर तिला वाईट वाटेल. मी स्वार्थी आहे का?" – दादर

बाळा, नाही.

आमच्या घरात गहू बंद होता तेव्हा माझी लेक दहा वर्षांची होती. एक दिवस तिच्या कंपासपेटीत मला वडापावचा कागद सापडला, लाल चटणीचे डाग पडलेला, नीट चार घड्या घातलेला. टाकला असता तर मला कचऱ्याच्या डब्यात दिसला असता, म्हणून तिने तो लपवला होता. मी तो हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. माझ्या मुलाच्या ताटात काय आहे ते मी ग्रॅममध्ये सांगू शकत होते, आणि लेक दुपारी काय खाते हे मी महिनोन् महिने विचारलं नव्हतं. राग आला तो स्वतःचा. तुझ्या आईलाही वाईट वाटेल, पण ते तुझ्या खाण्याचं नसेल, तुला ते लपवावं लागलं याचं असेल. ते तिला कळू दे.

आम्ही मग दर बुधवार ठरवला. तिचे बाबा तिला क्लासवरून घ्यायला जायचे आणि दोघं बाहेर खाऊन यायचे, तिला हवं ते. त्यात चोरी नव्हती. तुझ्या भावाला घरात गहू चालत नाही, तो नियम पाळलाच पाहिजे, तेवढा तू पाळतेसच. खाल्ल्यावर हात आणि तोंड धुऊन घरात यायचं, दप्तरात पावाचा चुरा आणायचा नाही, बस्स.

आईशी बोलायला जड जात असेल तर हे पान तिच्या उशाशी उघडं ठेव. आणि येत्या वाढदिवसाला मैत्रिणींबरोबर बाहेर मैद्याचा केक काप. घरी येऊन हात धू, आणि भावाबरोबर नाचणीचा.